पोटकलम सातमधली आत्या

चौकशी अधिकारी यायला अजून अवकाश होता आणि अप्पांनी सकाळपासून तिसऱ्यांदा घराची तालीम लावली होती.

"पुन्हा पहिल्यापासून," हॉलच्या मधोमध उभे राहून ते म्हणाले. "बेल वाजते. दार कोण उघडतं?"

"मी," धाकटा म्हणाला.

"तोंडाला मास्क?"

"नाही."

"का नाही?"

"घरात कुणी आजारी नाही म्हणून."

"त्यात 'माझ्या बायकोशिवाय' हे घाल. नाहीतर आपण आलोय कशासाठी?"

"आपण इथेच राहतो, अप्पा."

अप्पांनी या उत्तराकडे दुर्लक्ष केलं आणि ते थोरल्याकडे वळले.

धाकटी, म्हणजे धाकट्याची बायको, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून हा सोहळा बघत होती. तिला यात नवल वाटत नव्हतं. अप्पांचे वडील आगीच्या बंबावर होते. अप्पा त्याच खात्यात बंबावरून जे चढायला लागले ते थेट नियम लिहिणाऱ्यांच्या टेबलापर्यंत पोचले. धाकटा पुन्हा बंबावर, आणि ती स्वतः त्याच खात्याच्या रुग्णवाहिकेवर. या घरात पाहुणे जेवायला येणार असले तरी आदल्या दिवशी ताटं मांडायचा सराव व्हायचा. थोरला तेवढा खात्यात गेला नाही. तो विमा कंपनीत लागला, आणि लोकांचे दावे कसे नाकारायचे ते शिकला. त्यामुळे आज त्याला फार मान होता.

कायदा तसा देखणा होता. आग विझवणाऱ्या किंवा रुग्णवाहिकेवरच्या माणसाला संसर्गाचा आजार झाला, तर तो कामावरच झाला असं मानावं, असं त्याच्या पहिल्याच वाक्यात म्हटलं होतं. ते वाक्य छापून आलं त्या दिवशी खात्यात लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या होत्या. पण कायद्याला नियम लागतात, आणि नियम लिहायला खात्यानं निवृत्तीला टेकलेल्या अप्पांना बसवलं. अप्पांनी एका 'मानावं'खाली आठ 'मानू नये' लिहिले. मास्क नाकाखाली ओढला असेल तर मानू नये. ज्याच्याकडून आजार आला तो रुग्ण सांगता येत नसेल तर मानू नये. सुटीच्या दिवशी गर्दीत फिरल्याचं दिसलं तर मानू नये. पोटकलम सात होतं, घरातल्या दुसऱ्या कुणालाही तोच आजार असेल तर मानू नये. हे आठही अप्पांना तोंडपाठ होते, आणि गेली काही वर्षं जेवताना ते सगळ्यांना ऐकवत आल्यामुळे घरालाही पाठ झाले होते. स्वतःच्या सुनेलाच टीबी होईल आणि ती या आठ चाळण्यांतून गळेल, हे मात्र त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आजार कामावरचा असं मान्य झालं तर धाकटीला बरी होईपर्यंत भरपगारी रजा होती आणि नंतर तिची गाडी तिला परत मिळणार होती. अमान्य झालं तर तो तिचा घरगुती आजार. रजा संपत आली होती, आणि घरगुती आजारवाल्याला खातं हार घालून निरोप देत असे. पगाराचं तिनं कसंही निभावलं असतं. तिला गाडी हवी होती. सायरन लागल्यावर गाडीच्या मागच्या भागात, हलत्या जमिनीवर पाय रोवून उभं राहायचं, समोरच्या माणसाचा हात धरायचा आणि त्याला पोचेपर्यंत बोलतं ठेवायचं. यापलीकडे दुसरं काही आपल्याला येत नाही असं तिला वाटायचं, आणि ते बरंचसं खरंही होतं.

"आता शेवटचं," अप्पा म्हणाले. "आत्या आतल्या खोलीत. तिच्या जिभेला हाड नाही. भलतंच काही बोलली तर सगळं मुसळ केरात. आतून आवाज आला की काय करायचं?"

"मी खुर्ची ओढणार," थोरला म्हणाला.

"मी स्वयंपाकघरात मिक्सर लावणार," थोरल्याची बायको म्हणाली. ती शाळेत शिकवायची आणि सूचना लगेच पाळायची.

"मी टीव्ही लावणार," धाकटा म्हणाला.

"आणि मी हसणार," अप्पा म्हणाले. त्यांनी हसून दाखवलं. अप्पांना हसताना या घरानं फारसं पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे सगळे थोडे दचकले.

"एवढं कशाला?" धाकटी म्हणाली. "आत्या फार तर मला चार शिव्या देतील. त्या तर रोजच्याच आहेत."

थोरल्यानं बायकोकडे पाहिलं, बायकोनं टीव्हीकडे, धाकट्यानं स्वतःच्या पायांकडे.

"नियोजन म्हणजे नियोजन, सूनबाई," अप्पा म्हणाले.

ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली तर मागून जाऊबाई आली. ओट्यावर मिक्सर रिकामाच मांडून ठेवला होता.

"वहिनी, काय लपवताय माझ्यापासून?"

"कुठे काय?" जाऊबाईनं मिक्सरचं झाकण काढलं, पुन्हा लावलं. "तू तुझं खरं तेवढं बोल. बाकीचं आम्ही बोलू. तुला खोटं बोलता येत नाही, चेहऱ्यावर सगळं छापून येतं तुझ्या. म्हणून..."

"म्हणून काय?"

"म्हणून पाणी पी," जाऊबाई म्हणाली आणि बाहेर सटकली.

धाकटी पाणी प्यायली. आत्यांचं आणि तिचं कधी जमलं नव्हतं. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. ही दोन पोरं लहान असताना त्यांची आई गेली. तेव्हा आत्या स्वतःचा संसार अर्धा टाकून आल्या आणि परत गेल्याच नाहीत. लग्न होऊन धाकटी घरात आली त्याच आठवड्यात त्यांनी जाहीर केलं, "नवऱ्याच्या कपड्यांना राख, हिच्या कपड्यांना रक्त. हे घर आहे की धोबीघाट?" पुढे कितीतरी वेळा तिनं नवऱ्याला विचारलं होतं, तुझी आत्या या घरात पाहुणी आहे की मालकीण? नवरा हसून विषय बदलायचा.

पण धाकटीचा खोकला वाढून ती वरच्या खोलीत पडली, तेव्हा बाकीचं घर जिन्याखालून चौकशी करत होतं आणि वर येत होत्या त्या आत्या. "पोरांनी जवळ जायचं नाही. मी पिकलं पान, मला काय होतंय?" असं म्हणून त्या ताट घेऊन येत, पलंगाच्या कडेला बसत आणि ती शेवटचा घास संपवेपर्यंत तिच्या माहेरचा उद्धार करत. तिनं मास्क लावा म्हटलं की "मला गुदमरतं" म्हणून तो हनुवटीवर ओढत. औषधं लागू पडून ती खाली राहायला आली, तशा आत्या मात्र तिला टाळायला लागल्या. आतल्या खोलीत दार लावून बसायच्या, तिथेच जेवायच्या. धाकटीला वाटलं, रुसल्या असतील. आत्या कशावरही रुसायच्या.

बेल वाजली.

चौकशी अधिकारी उंच आणि काटकुळा होता. खात्यात नवा लागला तेव्हा अप्पांनीच त्याचं नाव 'शिडी' पाडलं होतं आणि ते अजून त्याला चिकटून होतं. तो आत आला तोच वाकून अप्पांच्या पाया पडला.

"साहेब, तुमच्या घरी चौकशीला यावं लागलं. मला इतकं अवघडल्यासारखं झालंय!"

"नियम म्हणजे नियम," अप्पा खूश होऊन म्हणाले. "कुणाची गय करायची नाही. माझीही नाही."

"तुम्हीच शिकवलंत, साहेब."

इथपर्यंत सगळं इतकं छान चाललं होतं की थोरल्यानं चहा मागवला.

शिडीनं कागद मांडीवर घेतले आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. सुटीत ती कुठे गेली होती? कुठेच नाही, झोपली होती. रुग्ण सांगता येईल? येईल. तळघरातल्या खोलीत एकटा राहणारा एक शिंपी. त्याला पाठीवर घेऊन तिनं आणि सोबत्यानं जिना चढवला होता आणि तो पूर्ण वेळ तिच्या मानेवर खोकत होता. नंतर त्याला टीबी निघाला.

"तेव्हा मास्क नाकाखाली ओढला होता?" शिडीनं विचारलं.

अप्पांनी तिच्याकडे बघून हळूच मान हलवली. नाही म्हण.

"ओढला होता," धाकटी म्हणाली. "त्याला ऐकू येत नव्हतं. ओठ बघून कळायचं. मास्कमुळे तो घाबरून हातपाय झाडायला लागला. म्हणून तोंड उघडं केलं, त्याला सांगितलं की आम्ही घेऊन जातोय, सोडणार नाही. मग तो शांत झाला."

थोरल्यानं कपाळाला हात लावला. पण शिडीनं पानं उलटली आणि त्याचा चेहरा खुलला. "पोटकलम एकला अपवाद आहे, साहेब! रुग्णाशी अन्य मार्गानं संवाद शक्य नसल्यास सूट. तुम्हीच घातलाय!"

"घातला होता खरा," अप्पा म्हणाले. त्यांना स्वतःलाच आठवत नव्हतं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. धाकट्याचा जीव भांड्यात पडला.

"आता सातवं. घरात अजून कुणाला खोकला, ताप, असं काही?"

"नाही," धाकटीखेरीज सगळे एकदम म्हणाले, आणि त्याच क्षणी आतल्या खोलीतून खोकला ऐकू आला.

पुढे जे झालं त्याला तालीम म्हणून तोड नव्हती. थोरल्यानं खुर्ची ओढली. मिक्सर घरघरला. टीव्हीवर कुणीतरी बाई क्रिकेटचा स्कोअर सांगायला लागली. अप्पा हसले. ते नुसते हसले नाहीत, मांडीवर थाप मारून हसले, आणि कशावर हसतोय हे सांगायला काहीच नसल्यामुळे हसतच राहिले. जगात दुसऱ्या कुठल्या घरानं एक खोकला झाकायला एवढा दंगा केला नसता. एखाद्या साध्या घरानं म्हटलं असतं, शेजारी खोकतोय.

शिडी शांतपणे बसून राहिला. आवाज संपले तेव्हा तो कौतुकानं म्हणाला, "प्रत्येकाला एकच काम, आणि इशाऱ्याला सगळ्यांनी एकदम. अगदी तुमच्या वर्गात बसल्यासारखं वाटलं, साहेब."

त्या शांततेत दुसरा खोकला आला. हा उशीत दाबलेला होता. खोल, ओला, शेवटी धाप लागून तुटणारा. धाकटीला तो ओळखायला वेळ लागला नाही. गेले काही महिने तो तिच्याच छातीत राहत होता.

ती उठली. धाकट्यानं तिचं मनगट धरलं.

"बस," तो पुटपुटला. "उद्या नेऊ तिला. उद्या सकाळी उठल्यावर पहिलं काम तेच. आजचा दिवस फक्त बस."

"तुला माहीत होतं?"

"तिनंच शपथ घातली. तुझं मान्य होईपर्यंत कुणी बोलायचं नाही म्हणाली."

"किती दिवस?"

"महिना होत आला."

"सूनबाई," अप्पा म्हणाले, "सगळं तुझ्यासाठीच चाललंय."

धाकटीला अप्पांचा इतका राग आला की क्षणभर तिला काही दिसेना. आणि खरं तर एका दिवसाचाच प्रश्न होता. उद्या नेलं तर काय मोठं बिघडणार होतं, असंही तिच्या मनात आलं. आलं, नाही असं नाही. मग तिला जाणवलं की गेला महिनाभर या घरात प्रत्येकानं रोज सकाळी हेच म्हटलं असणार. तिनं हात सोडवून घेतला आणि आतलं दार उघडलं.

आत्या पलंगावर टॉवेल तोंडावर धरून बसल्या होत्या. जवळून पाहिल्यावर कळलं, माणूस अर्धा झाला होता.

"दार लाव," त्या म्हणाल्या. "शिडी गेला का?"

"कधीपासून आहे हे?"

"तू बाहेर जा आधी. तुझं काम होऊ दे."

"रात्री घाम येतो?"

"येतो. तुला काय करायचंय?"

"रक्त पडतं का, आत्या?"

आत्यांनी टॉवेल घडी घालून दुसऱ्या बाजूला ठेवला. "तुझ्या सासऱ्यानं जेवताना पोटकलमं ऐकवून ऐकवून आमची डोकी खाल्ली. सातवं मला झोपेत म्हणून दाखवता येईल. उगीच कशाला माझ्यामुळे तुझी गाडी जायला हवी? एवढी नाचतेस तिच्यासाठी!"

धाकटीचे डोळे भरून आले. या बाईनं इतकी वर्षं तिला एक धड वाक्य ऐकवलं नव्हतं, आणि तीच महिनाभर उशीत तोंड खुपसून खोकत राहिली होती, तिच्या गाडीसाठी. तिनं खिशातला मास्क काढून आत्यांना लावला, गुदमरतं म्हटल्यावर ऐकलं नाही, आणि त्यांना धरून हॉलमध्ये आणलं.

"यांना तपासायला न्यायचंय," ती शिडीला म्हणाली. "आत्ताच. तुमचं लवकर आटपा."

शिडीनं दीर्घ श्वास घेतला. "म्हणजे पोटकलम सात."

"थांब!" अप्पा पुढे झाले. "सातचा अर्थ असा की आजार घरात आधीपासून असला पाहिजे. इथे सुनेला आधी झाला. हिची सेवा करताना बहिणीला झाला."

"साहेब, 'आधीपासून' हा शब्द त्यात नाही. जो शब्द नाही तो वाचायचा नाही, हे तुम्हीच मला उभं करून शिकवलंत."

स्वतःच्या हातानं बांधलेल्या भिंतीवर अप्पा आपटले होते, आणि भिंत मजबूत होती.

शिडी मात्र वाईट माणूस नव्हता. त्यानं पुन्हा पानं चाळली, मग सगळ्यांकडे बघून तो हळू आवाजात म्हणाला, "एक वाट आहे. घरातली व्यक्ती म्हणजे एका स्वयंपाकघरात जेवणारी. या जर वेगळ्या राहत, वेगळ्या जेवत असतील तर त्या घरातल्या धरता येत नाहीत. मग सात लागूच होत नाही."

एवढं म्हणायचा अवकाश, घरात जीव आला.

"वेगळीच जेवते!" थोरला म्हणाला. "केव्हापासून आतल्या खोलीत जेवते. दार लावून!"

"ताटसुद्धा वेगळं," जाऊबाई म्हणाली.

"तिचं लग्न झालेलं आहे," अप्पा उत्साहानं म्हणाले. "कागदोपत्री तिचं घर सासर. इथे ती, काय म्हणतात, येऊन-जाऊन असते."

"एका दृष्टीनं पाहुणीच," थोरला म्हणाला. ज्या बाईचं बोट धरून तो चालायला शिकला, तिच्याबद्दल तो असं म्हणाला, आणि विमा कंपनीत वाक्याला लावतात तसा सहज स्वर लावून म्हणाला. धाकट्यानं मात्र मान खाली घातली होती. पण नाही म्हणायला तोही पुढे झाला नाही.

शिडीनं पेन उघडलं. "आत्या, तुम्हालाच विचारतो. तुम्ही या घरच्या का?"

आत्यांनी मास्कच्या आत श्वास घेतला. थोरल्याकडे पाहिलं, धाकट्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं नाही.

"छे," त्या म्हणाल्या. "मी पाहुणी. चार दिवसांसाठी आलेय. जाईन आता."

"झालं तर!" शिडी सुटल्यासारखा म्हणाला. त्यानं भराभर लिहिलं आणि कागद धाकटीपुढे केला. "इथे सही करा. दावा मान्य होईल, माझी खात्री आहे. बाई, तुमची गाडी परत मिळाली समजा."

धाकटीनं कागद हातात घेतला. आत्यांचं ते वाक्य ऐकण्याची तिनं किती वर्षं वाट पाहिली होती. आत्या पाहुणी आहे, असं एकदा कुणीतरी सगळ्यांसमोर म्हणावं, एवढीच तिची इच्छा होती. आज सगळं घर ते म्हणत होतं, वर आत्या स्वतः म्हणत होत्या, आणि त्या वाक्याशेजारी तिची गाडीही ठेवलेली होती.

"त्या या घरच्या आहेत," ती म्हणाली. "या घरात सगळ्यांत जुन्या. तुम्ही ज्या स्वयंपाकघराचं म्हणताय ना, ते त्यांचंच आहे."

"अगं!" धाकटा म्हणाला.

"मग दावा बसत नाही," शिडी म्हणाला.

"लिहा. आजार कामावरचा आहे. आणि आत्या घरच्या आहेत. दोन्ही खरं आहे, दोन्ही लिहा."

"दोन्ही एकत्र लिहायला जागा नाही यात."

"मग जागा नाही असं लिहा. मी त्याखाली सही करते."

शिडीनं अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते आयुष्यात पहिल्यांदा हात कुठे ठेवावेत हे न कळून उभे होते. शिडीनं ते वाक्य लिहिलं. तिनं खाली सही केली, कागद परत दिला आणि आत्यांच्या चपला शोधायला वाकली. कोपऱ्यातल्या खुर्चीखाली एक मिळाली, दुसरी धाकट्यानं टीव्हीमागून काढून आणली आणि तो आत्याच्या पायाशी बसून ती चढवायला लागला.

जिन्यात आत्या पहिल्या वळणावर थांबल्या. धाप लागली होती, पण तेवढ्यानं गप्प बसतील तर त्या आत्या कसल्या!

"मूर्ख आहेस तू. सरळ गाडी मिळत होती. पाहुणी म्हटलं असतंस तर तुझं काय जात होतं?"

"मग दवाखान्यातून परत कुठे आणलं असतं तुम्हाला?"

खालच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता आत्यांनी सगळा भार धाकटीच्या खांद्यावर टाकला.